लिफ्ट, स्टीलचा ग्लास आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की लख्ख घर दिसलं की त्या घरातली माणसंही मला उगाच चांगली वाटायला लागतात, असं तुमचं पण होतं का, कळवा. झालं, पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत सासू आहे, उरलेल्यांतल्या निम्म्यांत सून आहे, ती सगळी बाजूला ठेवली कारण तो विषय वेगळा आहे आणि त्यात पडायची माझी हिंमत नाही. बाकीच्यांतली पाच घेतेय. नावं कोणाचीच छापत नाहीये.

मुलुंडहून एक वाचक लिहितात:

ताई, वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतली. मला स्वच्छता लागते म्हणजे लागते. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आमच्याकडे कोणी सोफ्यावर टेकत नाही, भाजी मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय फ्रीजमध्ये जात नाही. आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. मी कमिटीत ठराव मांडला की कामवाल्या बायका, डिलिव्हरीची मुलं आणि कचरा न्यायला येणारा यांनी मागची लिफ्ट वापरावी, कारण दुपारी पुढच्या लिफ्टमध्ये घामाचा इतका वास असतो की श्वास धरून वर जावं लागतं. तर माझी मुलगी माझ्यावर चिडली, म्हणाली आई हा जातीयवाद आहे. ताई, मी जन्मात कोणाची जात विचारलेली नाही. मी फक्त स्वच्छता बघते. पण एक खरं सांगते, कळकट माणूस समोर आला की मला तो प्रामाणिक वाटतच नाही. ज्याला स्वतःची नखं कापता येत नाहीत तो काम काय धड करणार? यात माझं चुकलं काय?

उत्तर: पाय धुण्यात काही चुकलं नाही, मीही धुते. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींपर्यंत मी तुमच्याबरोबर चालत होते. नखांवरून तुम्ही डायरेक्ट प्रामाणिकपणावर गेलात, तिथे माझी गाडी चुकली. आता तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारते, एवढ्या वर्षांत जी कर्जं बुडाली ती बुडवणारी माणसं कशी दिसायची हो? माझे एक नातेवाईक पण बँकेतच होते, ते म्हणायचे की बुडवणारा कडक इस्त्रीत येतो, सेंट मारून येतो, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून चहा घेतो. काळ्या नखांचा माणूस दर महिन्याला काउंटरवर चुरगळलेल्या नोटा मोजून हप्ता भरतो. तुम्हीच आठवून बघा, मी सांगायला नको.

खरंतर हा दोष एकट्या तुमचा नाहीच, आपल्या भाषेनेच ही सोय करून ठेवलीये. चांगला माणूस म्हणजे धुतल्या तांदळासारखा, वाईट माणसाच्या चारित्र्यावर डाग, भांडण झालं की चिखलफेक, जबाबदारी नको तर हात झटकायचे, आणि 'मन साफ आहे हो त्याचं' हे तर आपण दिवसातून चार वेळा बोलतो. लहानपणापासून हेच कानावर पडलेलं असतं, मग डाग दिसला की आतून आवाज येतोच की हा माणूस असाच. किळस आधी येते आणि कारणं मागून येतात, वकिलासारखी, फाइल घेऊन.

आणि किळस कशाची येते ते तरी कुठे ठरलेलंय. मेरी डग्लस नावाच्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये हे मांडलं होतं की घाण म्हणजे चुकीच्या जागी पडलेली वस्तू. केसांत गजरा माळतो तेव्हा त्याच केसांना आपण रेशमी म्हणतो आणि तोच एक केस आमटीत निघाला की ताट सरकवतो. केस तोच. घामाचं पण तसंच नाही का, जिममधून आलेला सातव्या मजल्यावरचा मुलगा पुढच्याच लिफ्टने वर जातो ना? त्याचा ठराव कोणी मांडत नाही. (मांडला असेल तर मला कळवा, मी माझे शब्द मागे घेते.)

तुमच्याकडे येणाऱ्या बायका दिव्याहून नाहीतर कळव्याहून सकाळच्या गर्दीत लोंबकळत येतात, दुपारपर्यंत चार-पाच घरचं झाडू-पोछा-भांडी झालेलं असतं. तुमच्या फरशीवरची धूळ फरशीवरून जाते म्हणजे कुठे जाते, त्यांच्या अंगावरच ना. आणि मग धुवायचं कुठे? तुमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्यासाठी खाली एक बेसिन आणि एक संडास आहे का? आमच्या सोसायटीत २०१९ पर्यंत नव्हता, आणि वॉचमन कुठे जातो हा प्रश्न इतकी वर्षं एकाही मीटिंगमध्ये निघाला नव्हता, माझ्याही डोक्यात आला नव्हता.

आता जातीचं. तुम्ही म्हणता विचारली नाही, मी मान्य करते. पण माझी आजी पण विचारायची नाही, तिला विचारायची गरजच नव्हती. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहायचो. आजी ओलं लुगडं नेसून सोवळ्यात स्वयंपाक करायची, आम्ही पोरं खेळता खेळता चुकून तिला शिवलो की ती बिचारी पुन्हा अंघोळ करायची, न रागावता, आणि म्हणायची अगं स्वच्छता नको का. मला मोठेपणी कळलं की त्या सोवळ्याचा साबणाशी काही संबंधच नव्हता. शेण पवित्र, आणि आत्ता अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आलेला दुसऱ्या जातीचा माणूस बाटवणारा, असा तो हिशोब. महाडचं आठवा, १९२७, चवदार तळं. गुरं पाणी प्यायची तेव्हा तळं बाटत नव्हतं. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी २० मार्चला ओंजळीने पाणी घेतलं आणि ते बाटलं, मग शुद्ध करायला १०८ घागरी ओतल्या, त्यात दूध-दही, आणि त्याच्याबरोबर शेण आणि गोमूत्र! पिण्याच्या पाण्यात! आणि हे सगळं शुद्धतेच्या नावाने. कोर्टात ती केस १९३७ पर्यंत चालली तेव्हा कुठे निकाल लागला.

तुम्हाला एवढं ऐकवते आणि स्वतःचं लपवते असं नको. माझ्याकडे अकरा वर्षं एक मावशी कामाला होत्या. त्यांच्या चहाचा ग्लास वेगळा होता. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही, मी स्वतःला पुरोगामी समजते, माझ्या घरात असलं काही नसतं अशी माझी समजूत. पण ग्लास होता. स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला, त्यावर माझ्या मामाच्या मुंजीची तारीख कोरलेली, आणि तो नेहमी ओट्याच्या वर खिडकीच्या ग्रिलवर पालथा असायचा, बाकीचे ग्लास मांडणीवर. एकदा घरी अचानक पाहुणे आले, ग्लास कमी पडले, मावशींनीच ट्रे भरला आणि त्यात तोही ठेवला. मी बोलता बोलता हात पुढे केला आणि बरोबर तोच ग्लास उचलून बाजूला ठेवला. माझं लक्षसुद्धा नव्हतं, हातालाच माहीत होतं. मावशी म्हणाल्या, "बाई, सगळे मीच घासलेत."

बस, एवढंच म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या. आणि खरंच की, आम्ही जेवायचो ती ताटं, वाट्या, पोरीची दुधाची बाटलीसुद्धा, सगळं त्यांच्याच हातचं घासलेलं. हात चालत होता, ओठ चालत नव्हते. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता, ज्यूसच्या ग्लासात मेलेलं झुरळ बुडवून काढायचं, झुरळ आधी पूर्ण निर्जंतुक केलेलं, लोकांना तसं सांगितलेलं, तरी लोक तो ज्यूस पिईनात. तुम्ही-मी पण नाही पिणार. झुरळाच्या बाबतीत ठीक आहे हो. मी माझ्याच घरात एका माणसाला त्या झुरळाच्या जागी ठेवलं होतं आणि वर मला वाटत होतं की मी स्वच्छताप्रिय आहे.

मुंबईला हे नवीन नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा साहेबांना आणि आपल्यातल्याही बऱ्याच शहाण्यांना पक्कं वाटत होतं की हा रोग घाणीचा, म्हणजे घाणीत राहणाऱ्यांचा. घरात घुसून सामान बाहेर काढलं, भिंतींना चुना फासला, गटारांत कार्बोलिक ओतलं, आणि ज्या खोल्या नापास झाल्या त्यांच्या भिंतींवर यूएचएच अशी तीन अक्षरं रंगवली, अर्थ असा की माणसाच्या वस्तीला नालायक. मग १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात, आणि तेही पुढे बरीच वर्षं मानायला लोक तयार नव्हते. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, उंदीर तिथे जाणार नाहीत तर कुठे जाणार. त्यात तिथल्या माणसांच्या चारित्र्याचा काय संबंध? पण अक्षरं त्यांच्या दारावर लागली. १८९८ मध्येच निघालेल्या सुधारणा ट्रस्टने पुढे ज्या चाळी बांधल्या त्यातल्याच परळच्या एका चाळीत डॉ. आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले, हे आपलं जाता जाता.

तर ठराव मागे घ्या. आणि वासाचा खरंच त्रास होत असेल, होऊ शकतो, तर लिफ्टमधला पंखा सुरू आहे का बघा (आमचा सहा महिने बंद होता) आणि पुढच्या मीटिंगला तळमजल्यावरच्या बेसिनचा आणि संडासाचा ठराव मांडा. मुलगी अनुमोदन देईल बघा.

दादरच्या कॉलेजातला सायकॉलॉजीचा विद्यार्थी:

ताई, सर म्हणाले की प्रयोगाने सिद्ध झालंय, हात धुतले की माणूस दुसऱ्याच्या चुकांना कमी दोष देतो. मी नेटवर शोधलं तर एका पेपरमध्ये नेमकं उलटं आहे, स्वच्छ वाटलं की माणूस जास्त कडक होतो. मग खरं काय? मला यावर प्रोजेक्ट करायचंय.

उत्तर: सरांनी जे सांगितलं ते हवेतलं नाही, पण 'सिद्ध झालंय' हा शब्द मात्र खोड. गोष्ट अशी की २००६ मध्ये झोंग आणि लिल्येनक्विस्ट या दोघा संशोधकांनी काही लोकांना आपलंच एखादं वाईट कृत्य आणि काहींना चांगलं कृत्य आठवायला लावलं आणि नंतर भेट म्हणून पेन्सिल हवी की हात पुसायचा अँटिसेप्टिक वाइप असं विचारलं, तर वाईट आठवलेल्यांतल्या दोन तृतीयांश लोकांनी वाइप घेतला आणि चांगलं आठवलेल्यांत एक तृतीयांशांनी. 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं, जगभर गाजलं. मग २००८ मध्ये सिमोन श्नाल आणि त्यांच्या टीमने इंग्लंडमध्ये काही मुलांना एक किळसवाणा व्हिडिओ दाखवला, निम्म्यांना हात धुवायला लावले, आणि मग सगळ्यांना प्रसंग दिले, म्हणजे सापडलेलं पाकीट ठेवून घेणं, बायोडेटात खोटं लिहिणं असले. हात धुतलेल्यांनी कमी कडक निकाल दिला. सर म्हणतात तो हा. आणि तुझा उलटा पेपर बहुतेक २०१० चा, त्यात झोंगच आहेत, हात पुसून स्वतःला शुद्ध समजणारी माणसं इतरांबद्दल जास्त कडक बोलली.

दोन्हींचा मेळ घालणारे म्हणतात की पहिल्यात आधी आलेली किळस धुतली गेली म्हणून राग उतरला, दुसऱ्यात 'मी स्वच्छ' हा टेंभा चढला. ऐकायला छान वाटतं ना? मला पण वाटलं होतं, मी एका भाषणात ठोकून पण दिलं होतं. पण २०१४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या टीमने श्नाल यांचे प्रयोग त्यांचंच साहित्य वापरून, कितीतरी जास्त मुलं घेऊन पुन्हा केले आणि फरक सापडलाच नाही. त्यावरून संशोधकांत जी जुंपली ती आपल्या पाण्याच्या टँकरवरून जुंपते तशी. पेन्सिल-वाइपचा प्रयोग पण पुन्हा केल्यावर नीट निघाला नाही. आणि २०१५ मध्ये किळस आणि नैतिक निकाल यांच्यावरचे छापलेले-न छापलेले बरेच अभ्यास एकत्र मोजले तर परिणाम अगदी चिमूटभर, आणि छापून न आलेल्यांचा हिशोब धरला की तोही गायब.

माझं म्हणशील तर मला यात आश्चर्य वाटत नाही. बेसिनवर दोन मिनिटं हात धुऊन माणसाचा न्याय बदलायला लागला असता तर कोर्टाच्या बाहेर आपण नळच बसवले असते. निकाल बदलतो तो तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने, वरच्या पत्रातल्या ग्लाससारखा, आणि ते लॅबमध्ये अर्ध्या तासात मोजता येत नाही. वेगवेगळ्या लोकांना किळस कमी-जास्त येते आणि ज्यांना जास्त येते त्यांची मतं काही बाबतीत जास्त कर्मठ असतात, हे नातं मात्र बऱ्यापैकी टिकून आहे, तिकडे बघ. प्रोजेक्ट करच. फक्त किती मुलं घेणार आणि काय मोजणार ते सुरुवातीलाच सरांना लिहून दे, नंतर आकडे बघून बदलू नकोस. फरक नाही निघाला तर तसं लिही, मार्क कमी पडले तर मला सांग, मी सरांना पत्र लिहीन.

नाव-गाव काही नको म्हणणारा एक मुलगा, वय २६:

ताई, हे कोणाला बोललो नाहीये. माझ्या मनात कोणाबद्दल वाईट विचार आला, म्हणजे घाणेरडा किंवा कोणी मरावं असा, की मला अंघोळ करावीशी वाटते, केली नाही तर पुढचं काही सुचत नाही. कधी दिवसातून पाच वेळा. हातांना भेगा पडल्यात. घरचे पाण्यावरून ओरडतात. मला वाटतं मी आतून खूप वाईट माणूस आहे.

उत्तर: अरे, वाईट माणसाला हा त्रास होत नाही. असले विचार सगळ्यांच्या डोक्यात येतात, लोकलच्या दारात उभं असताना मलाही कायकाय सुचतं, ते येतात आणि जातात, विचार आला म्हणजे तू काही केलंस असं होत नाही. तुझ्या बाबतीत तो जात नाही, अडकतो, आणि अंघोळीने तात्पुरता सुटतो, म्हणून पुढच्या वेळी आणखी अंघोळ लागते. तुझ्या वर्णनावरून हे ओसीडी वाटतंय, पण ते नक्की मानसोपचारतज्ज्ञच सांगतील, त्यांच्याकडे जा. तो आजार आहे, त्यावर औषधं आहेत आणि एक थेरपी आहे ज्यात हळूहळू, कोणाच्या तरी सोबतीने, न धुता थांबायची सवय लावतात. सुरुवातीला अंगावर काटा येतो पण बऱ्याच जणांना फरक पडतो. आज रात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि हातांना साधं व्हॅसलिन लाव.

चेंबूरहून: आम्ही तिघी फ्लॅट शेअर करतो. एक पार्टनर खरकटी भांडी तीन-तीन दिवस सिंकमध्ये ठेवते. मी तिला घाणेरडी म्हटलं तर ती म्हणाली तू जजमेंटल आहेस. आहे का मी?

उत्तर: नाही गं. ती आळशी आहे. तिला तसं सांग, 'घाणेरडी' म्हणू नकोस, 'भांडी घास' म्हण.

शेवटचं पत्र, वडाळ्याहून, टीवायला असलेली मुलगी:

ताई, तुमचा प्रश्न वाचून पप्पांना पण वाचून दाखवला. माझे पप्पा पालिकेत मोटर लोडर आहेत, म्हणजे कचऱ्याच्या गाडीवर. सकाळी साडेपाचला निघतात, चौकीत हजेरी, मग राउंड. आमच्या घरात सगळ्यात जास्त स्वच्छता पप्पांना लागते. आल्या आल्या मोरीत, लाइफबॉय, मग नखांचा ब्रश, मग पुन्हा साबण, मग पावडर, मग कडक इस्त्रीचा शर्ट. आई म्हणते नवरदेव. तरी ट्रेनमध्ये युनिफॉर्मवर असले की बाजूचा माणूस सरकतो, म्हणून ते आता युनिफॉर्म पिशवीत घालून नेतात. कॉलेजात मी पण सांगते की पप्पा बीएमसीत आहेत, पुढचं सांगत नाही, याची मला लाज वाटते.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. पप्पा पण लोकांना जज करतात! कचऱ्यावरून. त्यांना कुठल्या बिल्डिंगमधली माणसं कशी हे सगळं माहितीये. कोण ओल्यात सुकं टाकतं, कोण पॅड कागदात न गुंडाळता तसंच फेकतं. मागच्या वर्षी एका मोठ्या टॉवरच्या काळ्या पिशवीत फुटलेली काच होती, हातमोज्यातून आत गेली, तळव्याला तीन टाके. पप्पा तेव्हापासून त्या टॉवरला 'नालायकांची बिल्डिंग' म्हणतात. आणि दुसरं म्हणजे डब्यांपाशी प्लास्टिक वेचायला ज्या बायका येतात त्यांना ते 'घाणेरडी लोकं' म्हणतात, मला ते ऐकवत नाही. तर स्वच्छतेवरून माणसाची पारख करणं चूक असेल तर पप्पा पण चूकच ना?

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाचातलं हे एकच असं निघालं की त्यावर मला लगेच काही सुचलं नाही.

आधी टॉवरचं. तिथे पप्पांची चूक नाही. ते वासावर चिडलेले नाहीयेत, वास त्यांचा रोजचा आहे. ते चिडलेत कारण वर एसीमध्ये बसलेल्या कोणाला तरी फुटलेली काच पेपरात गुंडाळायला अर्धा मिनिट जड झालं आणि ते अर्धं मिनिट पप्पांच्या तळव्यातून वसूल झालं. पॅडचंही तसंच, नीट गुंडाळून वेगळं द्यायचं हे घनकचऱ्याच्या नियमांतच २०१६ पासून लिहिलेलंय, आणि नियम राहू दे, पिशवी उघडणार ती कोणाच्या तरी हातांनी हे कळायला नियम कशाला लागतो. मुलुंडच्या ताईंनी कळकट माणसाकडे बघून तो कसा असेल ते ठरवलं, पप्पांनी त्या लोकांनी काय केलं ते बघितलं आणि मग ठरवलं. टॉवरमधली माणसं दिवसातून दोनदा शॉवर घेत असतील, लॉबीत चंदनाचा वास येत असेल, पप्पांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. फक्त 'नालायकांची बिल्डिंग' म्हणजे अख्खी बिल्डिंग झाली, काच एका घरातली होती, एवढं मी म्हणेन. पण टाके मला नाही पडले, त्यांना पडले, तेव्हा म्हणू दे.

आता वेचणाऱ्या बायकांचं. तिथे मात्र पप्पा मुलुंडच्या लिफ्टमध्येच उभे आहेत गं. आपल्याकडे हे असंच खाली खाली झिरपत जातं, प्रत्येकाला स्वतःच्या खालची एक पायरी लागते जिच्याकडे बघून नाक मुरडता येईल, आणि ज्याच्याकडे बघून सगळं शहर सरकतं त्यालाही ती लागतेच, कदाचित त्याला जास्तच लागते. पप्पा चौकीतून घरी आल्यावर नखं घासतात ना, त्यातलं किती खरंच मळासाठी आणि किती त्या ट्रेनमधल्या माणसासाठी, हे मला नाही सांगता येणार. तू कधी विचारलंस तर ते सांगतील किंवा विषय बदलतील. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी सहा-सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय की विटाळावाचून जन्मलेला देह जगात दाखवा कुठला. स्वतः देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारलं होतं हे त्यांनी. पप्पांना हे उपदेश म्हणून ऐकवू नकोस, वैतागतील. त्यापेक्षा त्यांना हे विचार की त्या बायका प्लास्टिक उचलून नेतात त्याने गाडीत भरायचं ओझं किती कमी होतं. हिशोबाचा माणूस दिसतोय, हिशोब करतील.

कॉलेजात सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. लाज वाटते म्हणून लिहिलंस, मी तुला लाज वाटू देऊ नकोस म्हणणार नाही, मी माझ्या ग्लासाचं इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं आणि तो तर माझाच गुन्हा होता, तुझा तर काहीच नाही.

आणि पप्पांना माझं एक काम सांगशील? परवा आमच्याकडे लोणच्याची काचेची बरणी फुटली, तुकडे अजून बाल्कनीत बादलीत पडलेत. ते पेपरात गुंडाळून द्यायचे की पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरून 'काच' असं मार्करने लिहिलं तर अंधारात साडेपाचला दिसतं का, की दुसरी काही खूण चालते? ते म्हणतील तसं मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते.